करंजाखालची चूळ

करंज फुलला की परंदवडीचं आरोग्य उपकेंद्र आठवतं. तिथं मी नवीच नर्स होते. तपासून घ्यायला आलेल्या बायका घरातलं नको ते सांगून जायच्या आणि मला जेवण जायचं नाही. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला मागच्या करंजाखाली नेलं. “ताई, लोकांचं पोटात ठिवू नये. तोंडात पाणी धरून समदं बोलायचं आनि झाडाच्या बुडाशी चूळ टाकायची. आदी मी करते.” तांब्यातलं पाणी तोंडात धरून, डोळे मिटून त्या गुळगुळ बोलू लागल्या, आणि त्यात मला माझं नाव ऐकू आलं. चूळ टाकून, हसत त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. माझ्याबद्दल त्यांना कुणी काय सांगितलं होतं, हे विचारायचंही सुचलं नाही. मी तोंडभर पाणी घेतलं आणि गोंधळून गिळूनच टाकलं. ते माझंच नाव होतं की नुसता पाण्याचा आवाज, हे मला आजही सांगता येत नाही.