गोळी गेली पोटात

पेणला आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात, धाटावच्या कंपनीतली सेकंड शिफ्ट गाठायच्या आधी, मी तिथल्या म्हाताऱ्या काकांशी गप्पा मारत बसायचो. काकांना साखर होती, पण ते तिला फारसं मानत नसत. “रोज एवढी शाडू मळतो मी, मला काय व्हतंय?” असं म्हणून चहात आणखी एक चमचा टाकायचे.

जेवणाच्या वेळेला काकू मागच्या दारातून ओरडायच्या, “अवो, गोळी गेली का पोटात?”

“गेली गो पोटात!” काका मूर्तीवरची नजर न काढता सांगायचे. खोटं बोलायचा त्यांना भारी राग.

एका चतुर्थीला काकू मोदकांचा डबा घेऊन स्वतःच कारखान्यात आल्या आणि समोरच्या ओल्या गणपतीकडे बघत राहिल्या. त्याच्या पोटावर, बेंबीच्या जागी, पांढरीशुभ्र गोळी बसवलेली होती. वरून माती लिंपायची तेवढी राहिली होती.

“पोटात गेली म्हणालो,” काका पुटपुटले, “कोणाच्या ते तू कधी इचारलंस?”

“बरोबर हाय.” काकूंनी डबा मूर्तीपुढे ठेवला. “मंग मोदक पण त्याच पोटात जातील.”

काकांनी मोदकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. शेवटी त्यांनी कोरणीने गोळी उकरून काढली, सदऱ्याला पुसली आणि गिळली. मग बेंबीचा खड्डा अंगठ्याने बुजवत ते मूर्तीला हळूच म्हणाले,

“बाप्पा, झालं ते पोटात घाल.”