खराब नसलेली चकती

"अक्का सकाळी कॉफी पिऊन सुम्ने बसली होती, सर... अष्टे." नलिनी गेल्याचं सांगणारा तिच्या भावाचा फोन एवढाच होता. त्याला आता दोन महिने झाले. सुम्ने म्हणजे नुसती आणि अष्टे म्हणजे एवढंच, हे कन्नड मी म्हैसूरला आल्यावर तिनेच मला शिकवलं होतं.

मी नाशिकहून आलेला, प्रयोगशाळेचा प्रमुख. ती इथल्याच जुन्या मराठी घरातली, माझी सहकारी. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकत्यांवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे आणि बारीक सुई जवळ नेऊन त्यांतून वीज कशी जाते ते मोजायचं, हे आमचं काम. चकतीला बोट लागलं की ती वाया. नलिनीच्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती की डब्यातली चकलीसुद्धा ती कडेने उचलायची. मी चिडवायचो, ती हसायची.

काही वर्षांपूर्वी एकदा एका चकतीवरचे सगळ्यात लहान कण विचित्र वागले. सोन्यातून वीज सहज जायला हवी. यांच्यातून विजेच्या कमी दाबाला ती जाईचना. "सुई घाण असेल," मी म्हणालो. तिने सुई बदलून तीनदा मोजलं. पुन्हा तेच. "सर, कण इतका लहान झाला की सोनं धातूसारखं राहात नसेल, अल्वा? हो ना?" पण शोधनिबंध पाठवायची घाई माझ्या मानगुटीवर बसली होती. "चकतीच खराब आहे. ते आकडे काढून टाक," मी म्हणालो. ती म्हणाली, "परवागिल्ला सर, हरकत नाही, काढते."

पुढे दुसऱ्या कुणीतरी तसल्याच चकत्यांवर नेमकं तेच मोजून छापलं. मी वाचलं, तिनेही वाचलं असणार. मला तिची माफी मागायची होती. ती रोज समोर यायची आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारत राहायचो. इतका भित्रा निघालो मी.

तेराव्यानंतर कुवेंपुनगरच्या तिच्या घरी गेलो, तेव्हा भावाने एक प्लास्टिकची डबी हातात ठेवली. आत तीच चकती होती. एरवी मराठी लिहायचा कंटाळा करणाऱ्या नलिनीने झाकणावर मराठीत लिहिलं होतं : 'खराब नाही. सर विचारतील तेव्हा देणे.'

डबी आता माझ्या टेबलावर असते. इतक्या वर्षांच्या हवेने चकतीचा पृष्ठभाग बदलून गेलाय. आता मोजून काहीच कळणार नाही. तरी अधूनमधून चिमट्याने कडेला धरून मी ती बाहेर काढतो... आणि तेव्हा विचारायचं राहिलं ते विचारतो. "नलिनी, पुन्हा मोजूया का?"