डुकरं घडवणाऱ्या मॅडम

"पाइपाला तुमची कीव येत नाही," असं म्हणून मॅडम समोरच्याचं ड्रॉइंग उलटं करून ठेवायच्या. कागद उलटा झाला की विषय संपला. मग तुम्ही बसा, उभे राहा, नाहीतर बाहेर जाऊन रडा. त्या पुढच्या कामाला लागलेल्या असत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला या मॅडम खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात भेटल्या. त्या डिझाइनच्या प्रमुख, मी जुळणी विभागाचा सुपरवायझर.

तेलाच्या आणि गॅसच्या पाइपलाइनी आतून साफ करणारी, कुठे गंज चढलाय ते तपासणारी यंत्रं आम्ही बनवतो. मागून दाब दिला की ती पाइपातून पुढे सरकतात. इंग्रजीत त्यांना पिग म्हणतात, म्हणून आमच्या शेडमध्ये सरळ डुक्कर. कर्जतच्या भिसेगावात मॅडमच्या घरी एकदा बघायला मंडळी आली होती. मुलाच्या आईने विचारलं, "तू काय करतेस गं?" "डुकरं बनवते." मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. हा किस्सा मला त्यांनीच सांगितला, आणि सांगताना जराही हसल्या नाहीत.

त्यांचा ध्यास एकच. जुन्या लाइनी सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात. मध्येच पाइप रुंद होतो, पूल किंवा व्हॉल्व्ह आला की अरुंद. साधं डुक्कर अरुंद जागी अडकतं आणि रुंद जागी सैल पडतं. मॅडमना छत्रीच्या काड्यांसारखे हात असलेलं, जागेप्रमाणे मिटणारं आणि उघडणारं यंत्र हवं होतं. शेडमागच्या मोकळ्या जागेत चाचणीसाठी मुद्दाम लहानमोठे पाइप जोडून ठेवले होते. तिथे त्यांनी स्वतःची कित्येक यंत्रं भंगारात काढली.

दुसऱ्याचं भंगारात काढताना मात्र त्यांच्या जिभेला धार यायची. साताऱ्याकडचा एक इंजिनिअर त्यांच्या हाताखाली होता. त्याच्या पहिल्या यंत्राची चाचणी बघायला त्याचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन गावाहून आले. यंत्र वळणावर अडकलं. ते ओढून बाहेर काढल्यावर मॅडमनी चाकू मागवला आणि त्याच्या रबरी चकत्या सगळ्यांसमोर कापून टाकल्या. मग वडिलांकडे वळून म्हणाल्या, "काका, याला दुसरं काही येत असेल तर ते करू द्या. हे याचं काम नाही."

"बरं," वडील म्हणाले. त्यांनी मॅडमना हात जोडले. पेढ्यांचा बॉक्स उघडलाच नाही.

मी नंतर मॅडमच्या टेबलाशी गेलो. "वडिलांसमोर नको होतं, मॅडम."

"मग कुणासमोर?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, असं वाटलं. मुलगा लवकरच नोकरी सोडून गेला.

आणि याच बाई, यंत्र पाइपातून सुखरूप बाहेर आलं की आपल्या ओढणीने त्याचं तोंड पुसायच्या. "आलास का रे?" म्हणायच्या. आम्ही सगळे 'अहो', यंत्र तेवढं 'अरे'.

शेवटी त्यांचं छत्रीवालं यंत्र तयार झालं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने ते घ्यायचं कबूल केलं. फक्त गिऱ्हाइकाचा माणूस चाचणी बघून ते पास करणार होता. गाडीतून उतरला तो हाच साताऱ्याचा इंजिनिअर. अंगाने भरला होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, मॅडमनाही.

यंत्र आत गेलं. आम्ही पाइपाच्या कडेने आवाज ऐकत चाललो. रुंद, अरुंद, वळण, परत रुंद; कुठेही थांबलं नाही. बाहेर आलं तेव्हा कशेळ्याचा आमचा फिटर ओरडला, "मॅडम, तुमी जिंकलात!" टाळ्या पडल्या. साताऱ्याचा इंजिनिअर खाली बसला आणि टॉर्च लावून एकेक हात तपासू लागला. एका हाताच्या टोकाचं चाक फिरत नव्हतं.

"चाक बदलता येईल," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पाइपाला कीव येत नाही, मॅडम," तो म्हणाला आणि यंत्र नापास केलं.

मॅडमनी वाकून ते चाक बोटाने फिरवून पाहिलं. नव्हतंच फिरत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "वडील कसे आहेत?"

"गेले. पुढे मी कुठेही नोकरीला लागलो, तरी माझं काम बघायला ते कधी आले नाहीत."

मॅडमनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून उभ्या राहिल्या. तो गाडीत बसून गेला.

गिऱ्हाईक गेलं. मालकांनी मॅडमचं टेबल दुसऱ्याला दिलं, तेही त्या चहाला गेल्या असताना. त्या परत आल्या, टेबलावरचा माणूस पाहिला आणि स्कूटर काढून घरी गेल्या.

आपलं सामान न्यायला त्या पुढच्या महिन्यात आल्या. रिसेप्शनमध्ये त्यांचं यंत्र सोनेरी रंग देऊन, दिवे लावून ठेवलं होतं. त्यांनी एक हात दाबून पाहिला. हलला नाही. सगळे सांधे वेल्डिंगने बंद केले होते.

"कुणी केलं?"

फिटर पुढे आला. "मी, मॅडम. मालक बोलले. येनाऱ्यांच्या पोरांची बोटं चेमटतील म्हून. माझा विलाज नाय."

मॅडम चष्मा नाकावर चढवून प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत गेल्या. एकही सांधा सोडला नाही. फिटर मान खाली घालून उभा होता.

"चांगलं झालंय वेल्डिंग," त्या म्हणाल्या. "आता हे उघडायचं नाही."

पिशवी स्कूटरला अडकवून त्या कर्जतच्या रस्त्याला लागल्या. फिटर रिसेप्शनच्या पायरीवर बसला तो जेवणाची सुट्टी संपली तरी उठला नाही. त्याचा डबा मी आत नेऊन ठेवला.