बोर्डावरचे साहेब

वरवंडला मी मसाला कांडपाचं दुकान टाकलं. बायकांच्या मिरच्या कुटून द्यायच्या आणि घरचा काळा मसाला माझ्या नावानं विकायचा. दिरानं सल्ला दिला, “बोर्डावर साहेबांचा फोटो टाका वहिनी, म्हंजी कुणी हात लावायचं न्हाई.” साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. रस्त्याकडेचे बोर्ड लोक फाडतात, म्हणून मी ऐकलं. फ्लेक्स आला तो हात जोडून उभ्या साहेबांनी भरलेला. माझं नाव खाली, त्यांच्या बुटांजवळ.

बोर्डाला खरंच कुणी हात लावला नाही. पण पाटसहून बायका यायच्या आणि विचारायच्या, “साहेबांचा मसाला हाय का?” मिरच्या मी भाजायच्या, ठसका मला लागायचा, आणि मसाला त्यांचा! ज्या माणसाला धने-जिरे ओळखता येणार नाहीत, त्याचा! तेवढ्यात निवडणूक आली. विरोधी गटातल्या घरांनी आपले डबे दुसऱ्या कांडपावर नेले. मी मत कुणाला दिलं, हे एकानंही विचारलं नाही.

मग माझं डोकं फिरलं. भर बाजाराच्या दिवशी शिडी लावून तो फ्लेक्स मी टराटरा फाडला आणि भिंतीवर माझं नाव हातभर अक्षरांत रंगवून घेतलं. दिरानं तोंड फिरवलं. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी नेहमीची एक मावशी मिरच्यांची पिशवी घेऊन आली. तिनं भिंत वाचली, माझ्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, “अगं, साहेबांनी दुकान तुला विकलं व्हय?”