सही माझी, लुगडी आत्तीची

माझ्यावर कुणाची एक पैचीही उधारी नव्हती, आणि नेमकं तेच बँकेला खटकलं.

सत्तरीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी कराडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. जिथं सही मागतील तिथं मी नावापुढं 'बी.ए.' लावायची. हजेरीपटावर, रेशनच्या दुकानात, रजिस्टर पत्र घेतानासुद्धा. पोस्टमन हसायचा. हसू दे. त्या दोन अक्षरांसाठी मी चिखलातून किती चालले होते ते त्याला कुठं ठाऊक?

आमचे हे फौजेत. कराडला लागूनच मलकापूरला आम्ही जागेचा एक तुकडा घेऊन ठेवला होता, माझ्याच नावावर, कारण सहीला मी जवळ होते आणि हे सरहद्दीवर. शिमग्यानंतर ह्यांना दोन महिन्यांची रजा मिळणार होती. पाया खणायचा, भिंती उभ्या करायच्या, ते सगळं त्याच रजेत. नाहीतर पुढली रजा थेट वर्षानं, आणि तोवर भाड्याच्या एका खोलीत, घरमालकिणीच्या कोंबड्यांशेजारी. म्हणून गावातल्या सहकारी बँकेत घरकर्जाचा अर्ज मीच टाकला. जागा गहाण ठेवायची, शाळेतल्या दोघी बाई जामीन राहणार, पगाराचा दाखला जोडलेला. माझ्या मते काम झालंच होतं.

मॅनेजरनी बोलावून घेतलं. पुण्याकडचा माणूस, सभ्य, बोलताना चष्मा पुसत राहणारा. त्यांनी समजावून सांगितलं की कर्ज समितीत बहुतेक बाजारपेठेतले व्यापारी आहेत. अर्ज पुढ्यात आला की ते एकमेकांना विचारतात, ह्या माणसाचा व्यवहार कुणाकडं आहे, कसा आहे. माझं नाव वाचलं तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले.

"बाई, पगार कळला, जामीन कळले," मॅनेजर म्हणाले. "पण तुम्ही कशा आहात हे बाजारात कुणालाच माहीत नाही."

माहीत असणार कसं? मी रोखीनं घेणारी. भाव करायचा, पैसे द्यायचे, पिशवी उचलायची, चालू लागायचं. उधार मागणं मला कमीपणाचं वाटे. आता कळलं की उधार घेऊन वेळेवर फेडणाऱ्याला बाजार ओळखतो, आणि रोख देणारा आला काय न् गेला काय, कुणाच्या लक्षातही राहत नाही. अर्ज फेटाळला नव्हता. दोन बैठका पुढं ढकलला होता, म्हणजे शिमग्याच्या तोंडावर. त्या दोन महिन्यांत मला बाजारात नाव कमवायचं होतं.

मी तडक आत्तीकडं गेले. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कराडपासून सायकलच्या अंतरावर तिचं गाव. ऊस, म्हशी, लग्नाला आलेला एक मुलगा, आणि शेतातून सडकेपर्यंत पोचणारा आवाज, एवढा तिचा पसारा. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली.

"आगं, येवढी शिकलीस आन् बाजारात तुला कुत्रंबी वळखंना व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती मला कराडच्या कापडाच्या दुकानात घेऊन गेली. तिचं खातं तिथं ती नवी नवरी असल्यापासूनचं. वर्षभर लागेल ते न्यायचं, आणि साखर कारखान्याचं ऊसबिल हातात पडलं की सगळं एका दमात चुकतं करायचं, ही तिची रीत. शेठना कधी मागावं लागलं नव्हतं. आणि हे शेठ बँकेच्या कर्ज समितीवर होते, हेही तिला बरोबर ठाऊक होतं.

गादीवर बसून तिनं सांगून टाकलं, "शेठ, आजपास्नं ही माज्या खात्यावर घील. हिची सही ती माजी सही."

दिवाणजींनी तिच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. बेत सोपा होता. मी बारीकसारीक घ्यायचं, पगार झाला की माझं तेवढं देऊन टाकायचं. आत्तीची जुनी पत आणि माझा नवा वक्तशीरपणा, दोन्ही शेठच्या डोळ्यांपुढं राहतील.

त्या दिवशी मी उशांचे अभ्रे घेतले, सही केली आणि पैसे न देता दुकानाबाहेर पडले. काय सांगू, पाय जमिनीला लागेनात. कुणीतरी मागून हाक मारील, चोर म्हणून धरील, असं वाटून मी कोपऱ्यापर्यंत जवळजवळ पळत गेले आणि वळणावर एकटीच हसत उभी राहिले. नंतर सवय झाली. मग पडद्याचं कापड घेतलं. ज्या घराला अजून भिंती नव्हत्या त्याच्या खिडक्यांना पडदे. पगाराच्या दिवशी पैसे द्यायला गेले की शेठ चहा सांगायचे. शेजारचा भांडीवाला नमस्कार करू लागला. त्याच्याकडून मी कधी चमचाही घेतला नव्हता, तरी तो 'या बाई' म्हणायचा. मी बाजारातून उगाचच लांबच्या वाटेनं घरी जायला लागले.

आणि मग आत्तीच्या मुलाचं लग्न ठरलं. पोरगी इस्लामपूरकडची. लग्न म्हटलं की आधी बस्ता. दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात जातात आणि नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या खणापर्यंत सगळं कापड एकाच बैठकीत घेतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका भरून आत्ती कराडला आली. मी शाळेतून रजा काढली. ग्रॅज्युएट म्हणून रंगांची निवड माझ्याकडं होती.

तसा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. गादीवर लुगड्यांचा डोंगर झाला. एक उलगडलं की दुसरं त्यावर, त्यावर तिसरं, पोरं त्यात लपायला लागली. भजी आली, चहा आला, पुन्हा भजी आली. नवरीच्या आजीला माझ्या हातातलंच हिरवं हवं होतं आणि आत्तीच्या जावेलाही तेच. दोघींनी पदराची टोकं धरली ती सोडीनात. मी गंभीर चेहऱ्यानं निवाडा दिला की ते हिरवं दोघींनाही शोभत नाही. दोघी मिळून माझ्यावर उलटल्या, आणि शेवटी त्याच रंगाची दोन निघाली. शेठ स्वतः उठून पंख्याची दिशा बदलत होते. माझ्या वाट्याला आत्तीनं एक जांभळी साडी काढली, मोरपंखी काठाची. मी ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि त्या क्षणी मला जगात कसलीही काळजी नव्हती.

दिवे लागायच्या सुमाराला गठ्ठे बांधले, त्यांना हळदकुंकू लावलं, आणि दिवाणजी बिलं घेऊन सहीसाठी पुढं आले. आत्ती नेहमी अंगठा उठवायची. पण ती तेव्हा विहिणीला मिठी मारून बसली होती. तिथूनच ओरडली, "तू कर गं, शिकल्याली हायस."

सगळ्या बायका बघायला लागल्या. मी पेनाचं टोपण काढलं, मांडी नीट घातली आणि एकेका बिलावर सही केली. पूर्ण नाव, पुढं बी.ए., खाली रेघ. नवरीची आजी म्हणाली की वळण कसं मोत्यावानी हाय. मग शेवटच्या बिलावर मी दोन रेघा मारल्या.

बैठकीच्या आठवड्यात मॅनेजरचा पुन्हा निरोप आला. ते चष्मा पुसत होते, पण या वेळी माझ्याकडं बघत नव्हते. बँकेचा माणूस बाजारात चौकशीला गेला होता. माझं नाव आता साऱ्यांना माहीत होतं. साऱ्यांना हेही माहीत होतं की शाळेच्या बाईंनी कर्जाच्या आधीच्या महिन्यात अख्खा बस्ता उधारीवर उचलला. जी बाई पगाराच्या कितीतरी पट कापड घेते ती घराचा हप्ता कशातून देणार, असा समितीचा सवाल होता. मी म्हटलं, कापड आत्तीचं आहे. ते म्हणाले, असेलही, पण सही तुमची आहे. आणि जरा थांबून, "बी.ए.सुद्धा लिहिलंय."

मी सायकल काढली ती आत्तीच्या गोठ्यातच थांबवली. म्हटलं, आत्ती, माझं नाव तुझ्या खात्यावरून काढून टाक. ती म्हशीच्या आचळाला हात लावून होती, तशीच म्हणाली की नाव काढलं तर लोक म्हणतील आत्याभाचीचं फाटलं, आणि सह्या काही पुसल्या जायच्या नाहीत. मग तू आत्ताच बिल भागव, मी म्हटलं. तेही होण्यासारखं नव्हतं. तिचा ऊस अजून रानात उभा होता. कारखान्याची तोड तिच्या शिवारात यायला अवकाश होता, आणि ऊसबिलाआधी पैसे द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मी तिथल्या पेंडीच्या पोत्यावर बसले. डोळ्यांपुढं रजेवर आलेले हे दिसत होते, हातात कुदळ आणि करायला काम नाही.

आत्तीनं चरवी उचलली. "कवा हाय ती बैठक?"

बैठकीच्या दिवशी मी बँकेच्या दारात तिची वाट बघत उभी होते. समितीपुढं चांगलं दिसावं म्हणून नीट नेसून आले होते. आत्ती एसटीनं आली, विचारलं नाही, ठोठावलं नाही, सरळ आत. मी मागोमाग. टेबलाभोवती सगळे व्यापारी, मध्ये मॅनेजर, एका बाजूला आमचे शेठ. आत्तीनं बसायला नकार दिला.

"आवं, ऐका माजं. सही तिची हाय, लुगडी माजी हायत," ती म्हणाली. "लगीन माज्या पोराचं, पावनं माजं, फेडनार बी मी, ऊस गेला की. त्या बस्त्यातलं एक जरी लुगडं हिच्या अंगावर दिसलं, तर कर्ज दिऊ नगा हिला."

मग एकेकाची नजर माझ्याकडं वळली. शेठनी कपाळाला हात लावला, कारण त्यांनीच ती घडी उलगडून दाखवली होती. मी चांगलं दिसायला म्हणून जांभळी साडी नेसून आले होते, मोरपंखी काठाची.

आत्तीनंही माझ्याकडं पाहिलं. क्षणभरच. "ह्ये म्या दिलंय," ती त्याच आवाजात म्हणाली. "भाचीला आत्यानं न्हाई द्यायचं तर मॅनेजरसाहेबांनी द्यायचं व्हय?"

आधी भांडीवाला हसला, तोही समितीवर होता. मग शेठ, मग सगळे, आणि मॅनेजरांचा चष्मा टेबलावर पडला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, तोंडावर त्याच साडीचा पदर धरून मी उभी. हसणं ओसरल्यावर मॅनेजरांनी मात्र मुद्दा सोडला नाही. बोलण्यावर बँक चालत नाही, म्हणाले. बस्त्याच्या प्रत्येक बिलावर आत्तीचा अंगठा हवा, आणि माझं नाव तिच्या खात्यावरून काढून वेगळं खातं हवं. त्यात माझं घेतलेलं आणि पगाराच्या दिवशी फेडलेलं एवढंच असावं. मग बघू. शेठ म्हणाले, आजच करतो. आत्तीनं दुकानात जाऊन माझ्या एकेका सहीखाली अंगठा दाबला. शेवटच्या बिलावर दोन रेघा बघून तिनं विचारलं की ह्या कशाच्या. मी म्हटलं, शोभेच्या.

पुढल्या आठवड्यात लग्न होतं. मी पंगतीत बुंदी वाढत होते. शेठ जेवायला बसले होते, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी त्यांच्यापुढं आले तसे ते हळूच म्हणाले, "बाई, मंजूर झालं. थोडं कमी करून, पण झालं."

माझ्या हातून सगळी पाटी त्यांच्या पानात रिकामी झाली. पत्रावळ दिसेना, भात दिसेना, नुसती बुंदी. मागून आत्ती ओरडली, "आगं, कर्ज दिलंय त्यांनी, पुरतीस का काय त्यास्नी?" आख्खी पंगत हसली. सगळ्या लग्नाला एका मिनिटात कळलं की पोरीला घर मिळालं. कुणीतरी वाजंत्रीवाल्याला खूण केली, त्यानं भर जेवणात सनई लावली.

कर्ज थोडं कमी मिळालं, म्हणून स्वयंपाकघर अरुंद झालं. दोघी एका वेळी वळलो तर एकमेकींना लागतो, हे मला पुढं प्रत्येक दिवाळीत सासूबाईंनी ऐकवलं. पण पाया रजेतच खणला गेला. ह्यांनी पहिली कुदळ मारली तेव्हा अंगावर बनियन आणि पायात फौजेचे बूट होते. त्याच सुमारास आत्तीच्या रानात तोड आली. बिल मिळाल्या दिवशी ती मला मुद्दाम बरोबर घेऊन गेली आणि शेठसमोर बस्त्याचं सगळं देऊन टाकलं. मी माझ्या वेगळ्या खात्यावर दाराला लावायला चिटाचं कापड घेतलं.

ह्यांची रजा संपायच्या आदल्या दिवशी गवंड्यानं पुढल्या दाराची पायरी घोटली. आत्ती बघायला आली होती. सिमेंट अजून ओलं होतं. तिनं गवंड्याच्या हातातला खिळा घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"कर सही. हितं कुनी कायबी म्हननार न्हाई."

मी वाकून नाव लिहिलं, पुढं बी.ए. लिहिलं. रेघ मारणार तोच आत्तीनं माझा हात बाजूला सारला, खाली बसली आणि त्या जागी आपला अंगठा दाबला.