मोरीची पाटी संडासावर

या वेळी लोणावळ्याला गेलो तो सुंदराबाईंच्या हातची तांदळाची भाकरी खायला. थंड हवा आणि चिक्की ज्यांना लखलाभ त्यांना.

आधी माझी ओळख सांगतो. मी मूळ पुण्याचा, नळ विकण्याच्या नोकरीत तीस वर्षं महाराष्ट्र पायाखाली घातला आणि शेवटी बायकोच्या गावी, अकोल्याला स्थायिक झालो. फिरतीत एक खोड लागली. घरातल्या वस्तूंना कुठे काय म्हणतात, ते वहीत टिपायचं. कोल्हापूरला नळाला चावी म्हणतात, लातूरकडे तोटी. मुंबईत गॅसचा बाटला संपतो, पुण्यात टाकी. पुण्यात लाईट जाते, अकोल्यात लाईन. शब्दापुढे गाव लिहायचं, की झालं काम.

गेल्या वर्षी आम्ही दोघं लोणावळ्यात भाड्याच्या एका बंगल्यात उतरलो होतो. बंगला सांभाळायला जवळच्याच वडिवळे गावच्या सुंदराबाई होत्या. पाहुणे त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो, वय माझ्याएवढंच असूनही. भिंतीवरच्या चकचकीत गीझरला त्या बंब म्हणत (बंब म्हणजे जाळ घालून पाणी तापवायचं तांब्याचं भांडं). "बंब तापलाय भाऊ, न्हाऊन घ्या," अशी हाक आली की पुण्यातलं माझं लहानपण धुरासकट परत यायचं. मागच्या धुण्याभांड्याच्या जागेला त्या मोरी म्हणत. मी इतका खूश झालो की घरी येऊन इंटरनेटवर बंगल्याच्या पानावर लांबलचक रिव्ह्यू लिहिला आणि त्यांचे सगळे शब्द त्यात ओवले.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा गेलो. दारात सुंदराबाई नव्हत्या. काळ्या टी-शर्टातला चाळिशीचा एक मॅनेजर पुढे आला. "वेलकम सर. वॉशरूम लेफ्टला."

लेफ्टला गेलो. दारावर लाकडी पाटी, वर वारली चित्रं आणि मधोमध कोरलेलं: मोरी. आत कमोड! गीझरखाली "बंब" अशी पाटी होती आणि इंडक्शनच्या शेगडीवर "चूल".

"हे काय आहे?" मी विचारलं.

"व्हिलेज थीम सर. तुमच्याच रिव्ह्यूवरून केलीय. गेस्ट लोक फोटो काढतात."

"आणि मावशी?"

"त्यांना मालकांनी कामावरून थांबवलं. गेस्टना त्यांची भाषा कळायची नाही ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच मालकाला फोन लावला. हा पठ्ठ्या मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा. म्हणाला, "काका, तुम्ही होय! थँक्यू बरं का. तुमच्यामुळे बुकिंग वाढलं." भाषा कळत नाही म्हणून बाईला काढायचं आणि तीच भाषा दाराला ठोकून पाहुणे बोलवायचे! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मी तोंडाला येईल ते बोललो. त्याने "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. रात्री मॅनेजरने पास्ता वाढला. मी ताट तसंच सारलं.

"काहून चिडून राहिले इतके?" बायको म्हणाली. "उद्या जाऊ न तिच्या घरी."

रविवारी सकाळी सामान उचललं, गाडीने कामशेतला उतरलो आणि रिक्षा करून वडिवळ्याला गेलो. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं आणि खळ्याखळ्यांत भाताची झोडणी चालली होती. एका खळ्यावर डोक्याला फडकं बांधून सुंदराबाई पेंढ्या आपटत होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"आवो भाऊ, तुमी हितं कुटं? आन् वैनी बी! बसा, च्या टाकते."

चहा झाला, भाकरी झाली, वर खेकड्याचा झणझणीत रस्सा. जेवताना विचारलं, आता काय करता?

"आंबीला कंपनीत जाते, माल भराया. दिसभर हुबं ऱ्हायचं. गुडगं लय दुकत्यात. बंगल्यावर बरं व्हतं बगा, कामं फिरून करायची. सात वरसं समदं मीच बगितलं. मोटर बंद पडली तरी मीच."

मी मोबाईलवर पाटीचा फोटो दाखवला आणि वाचूनही दाखवला. त्या खो खो हसल्या. "पाव्हण्यांला मोरीत बसवलं व्हय रं द्येवा!" मग हसू ओसरलं. "पर हे तर मी बोलायची ते."

मग मला सांगावंच लागलं. रिव्ह्यू मीच लिहिला होता. वहीही काढून दाखवली. कौतुकाने लिहिलं होतं, असंही म्हणालो.

"काय लिवलंय? वाचा."

"बंब. मावळ. मोरी. मावळ."

"मावळ कुटं बोलला तुमाला? बोलले मी." त्यांचा आवाज चढला होता. "मला येका शबदानं इचारलं न्हाई. तुमी लिवून नेलं, त्यानं दाराला ठोकलं, आन् मला म्हनतो बोलता येत न्हाई."

मालकावर काढलेला सगळा राग त्या एका वाक्याने माझ्यावर उलटला. मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "मावशी, तो रिव्ह्यू आत्ता काढून टाकतो."

"काढू नगा. खाली पुरं लिवा. मला काढलं त्ये बी लिवा. नावानिशी लिवा."

कामशेतच्या फलाटावर बसून लिहिलं: "हे शब्द वडिवळ्याच्या सुंदराबाईंचे. त्यांना बोलता येत नाही म्हणून कामावरून काढलं आहे. मालकाला बोलता येतं, म्हणून त्याने मोरीची पाटी संडासावर लावली आहे." बायकोने दोनदा वाचलं आणि पाठवा म्हणाली.

तळेगाव यायच्या आत मालकाचा फोन आला. आता रेंज होती.

"काका, हे काय लिहिलंत? चूक झाली असेल मॅनेजरची. पाटी उद्याच बदलतो."

"आणि बाई?"

"बाईंचं काय आता? पाटी बदलतो म्हणतोय ना!"

मी फोन बंद केला.

अकोल्याला पोचलो तेव्हा सोमवार उजाडला होता. सुंदराबाई आंबीच्या गाडीत चढल्या असतील. मी वही काढून "मावळ" खोडलं आणि दोन्ही ठिकाणी "सुंदराबाई, वडिवळे" लिहिलं. मग मागची पानं चाळली. चावी मला कोल्हापुरात कोणी सांगितली? लातूरला तोटी म्हणणाऱ्या बाईने दुपारच्या उन्हात ताक पाजलं होतं, तिचं नाव? तीस वर्षांत एकही नाव लिहिलेलं नव्हतं.

एवढ्यात पंखा थांबला. "लाईन गेली," बायको म्हणाली आणि येऊन वहीत डोकावली. "लग्नाच्या वर्षी तुम्हाले हा शब्द म्याच सांगतला होता. त्याच्यापुढे काय लिवलं?"

मी पान काढून दाखवलं. अकोला.

"अकोला काय तुमची बायको हाये?" ती म्हणाली आणि माझ्या हातात पेन ठेवून आत गेली.