थोरलीचा टाक

माझी पहिली बायको तापाने गेली तेव्हा आमच्या संसाराला दोन वर्षंही झाली नव्हती. दुसरी, म्हणजे ही, घरात आली तशी आईने थोरलीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्ती, करून देव्हाऱ्यात बसवला. गेलेल्या सवतीला मान दिला की ती नवीला त्रास देत नाही म्हणे. ही रोज त्या टाकाला हळदकुंकू लावायची. आठ वर्षं. मला साधा ठसका लागला तरी दचकून आधी टाकाकडे बघायची. थोरलीबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही.

मग आम्ही धर्म बदलला, बौद्ध झालो. परळमध्ये ते दिवसच धुमसते होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागून मागून माझा घसा बसलेला, डोकं कायम गरम. "आजच्या आज देव घराबाहेर," मी फर्मान काढलं. हिने मुकाट्याने गाठोडं बांधून दिलं. हरताळामुळे ट्राम बंद होत्या. दादरच्या चौपाटीपर्यंत तणतणत चालत गेलो आणि आत न बघताच गाठोडं पाण्यात भिरकावलं.

परतताना आठवलं, त्यात थोरली होती. गावाकडे ओढा ओलांडतानाही माझा दंड घट्ट धरणारी बाई, आणि मी तिला समुद्रात टाकून आलो होतो. टाक म्हणजे नुसता पत्रा, हे मीच चार लोकांना तावातावाने सांगत होतो. तरी दंडावर तिची बोटं जाणवायची. गिरणीत साच्यावर उभा असताना, जेवताना. पाळी सुटली की मी चौपाटीवर जाऊन बसू लागलो. सांगणार कोणाला? चाळभर हसं झालं असतं.

पंधरवड्याने ही मला शोधत तिथे आली, शेजारी वाळूत बसली.

"थोरलीसाठी बसता न्हवं?"

मी मान हलवली.

"ती घरी हाय. माझ्या पेटीत, लुगड्याखाली."

मी उसळलोच. "देव काढायचं ठरलं होतं ना?"

"ती कुठं देव व्हती? बाई व्हती, माझ्यावानी." ही माझ्याकडे वळली. "आठ वर्सं तिला भ्याले. आता कुकू लावायचं न्हाई, भ्यायचंबी न्हाई. तवा सांगा मला, कशी व्हती ती?"

मी तोंड उघडलं. डोळ्यांपुढे टाकावरची ठोकलेली बाई आली, सगळ्या टाकांवर असते तशीच. थोरलीचा चेहरा काही केल्या येईना. आठ वर्षं न बोलता मीच तिला पुसून टाकलं होतं. मला रडू फुटलं.

हिने माझा हात धरला. "सावकाश आठवा," म्हणाली, "मी कुठं चालले?"